गाळाबरोबर गेलेला कोळशिंदा

चहा बशीत ओतून विसरायचा. गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ तिच्यावरच बसून राहायचा. फोन उचलला की नुसतं ‘बोल’ म्हणायचा. बोटात रुतलेला काटा दातांनी काढायचा आणि बोलणं पुढे चालू ठेवायचा.

अजिनाथ मंगळवारी गेला. नागापूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून गावी आला, अंथरुणावर टेकला आणि उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही शाळेत एका वर्गात होतो. मला अजून रडू आलेलं नाही.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला एक पाझर तलाव आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा गाळ काढला. लोकांना जमवणारा आणि जेसीबीवाल्याला ‘तळ्याची कडसुद्धा ओरबाड’ म्हणून सांगणारा अजिनाथच. गाळ शेतांत गेला. तलाव भरला. पण काठावरचा कोळशिंदा, ओलीत वाढणारं ते काटेरी झुडूप, पुन्हा उगवला नाही.

‘माझ्यामुळं गेला,’ तो म्हणाला.

‘काटेच तर होते,’ मी म्हणालो.



यंदा भाद्रपदात कोळशिंदा गावातल्याच साळूबाईंच्या कांद्याच्या शेतात सापडला. गाळातून बी तिकडे गेलं होतं. शेताच्या खालच्या अंगाला पाणी साचतं, तिथे उगवलं. साळूबाई काटेमाठ समजून उपटत होत्या. अजिनाथ चिखलात उकिडवा बसला.

‘मावशी, काटेमाठाचं पान एकेकटं असतंय. हे बघा. पेरापेरावर पानांचं कडं. पानाच्या बगलेत पिवळा काटा, लांब, सरळ. जांभळी फुलंबी तिथंच येत्यात.’

‘सासऱ्यानं आंदण दिलंय का रं तुला हे?’ साळूबाई म्हणाल्या. ‘लोकं गाळात कांदा पिकवत्यात. तू काटं पिकीव.’

‘तळ्याची कड मीच बोडकी केलीया. एवढी रोपं न्हेऊ द्या.’

‘ने. पर माझा कांदा तुडवू नको.’

मग रात्रपाळीहून आला की तो तसाच शेतात जायचा. मुळांभोवतीच्या मातीसकट रोपं काढायची, घमेल्यातून तलावावर न्यायची, काठच्या ओलीत लावायची. पाणी उतरायच्या आत ती रुजायला हवी होती. फुलं येऊन तिथेच बी पडायला हवं होतं.

‘एकदा तिथं बी पडलं की मी सुटलो,’ तो म्हणायचा. कधी कधी मी बरोबर असायचो. परतताना बांधावर टेकला की त्याचे डोळे मिटायचे. ‘घरी जाऊन झोप,’ मी म्हणायचो. ‘जातो,’ म्हणायचा आणि पुन्हा घमेलं उचलायचा.

निम्मी रोपं तलावावर गेली. उरलेल्यांना त्याने चिंध्या बांधून ठेवल्या होत्या, खुरपणाऱ्या बायांना कळावं म्हणून. ती रविवारी न्यायची होती.

आज रविवार. साळूबाईंनी खुरपणी उरकली आणि तेवढा कोपरा सोडला. तलावाचं पाणी काठावरून उतरू लागलंय. रोपं कांद्यातच आहेत.