गाळपेरीवरचा तंबू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासले. दोन मुलांच्या पेपरात एकच चूक सापडली की त्या दिवशी कोण कोणाच्या मागे बसलं होतं ते मला लख्ख आठवायचं. निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. दूधवाला हसून बोलला तर मी दूध तापवून साय बघते.

त्यामुळे धाकटे दीर एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, चला, तळ्याकाठी तंबू ठोकून राहू दोन दिवस. मोखाड्याकडे मस्त जागा आहे," तेव्हा माझे कान टवकारले. या माणसाने मला कधी मंडईपर्यंतसुद्धा गाडीतून नेलं नव्हतं. पण आमचे हे गेल्यापासून घर खायला उठत होतं, आणि यांच्या आजारपणात दिरांनी दवाखान्याच्या खेपा घातल्या होत्या, त्या मी विसरले नव्हते. "कशाला एवढा खटाटोप?" म्हणाले आणि बॅग भरली.

डिसेंबर लागला होता. ठाण्याहून पहाटे निघालो. जव्हारला चहा झाला, शिरपामाळावर धाकट्या जावेने फोटो काढले. मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. रस्त्यात जीपगाड्या आडव्या उभ्या आणि टोमॅटोचे ढीग थेट चाकापर्यंत आलेले. तिथे एक माणूस मोटरसायकलवर आमची वाट बघत होता. संध्याकाळचं जेवण तो त्याच्या घरून आणून देणार होता. तो पुढे, आम्ही मागे. डांबर संपलं, मग कच्चा रस्ता, आणि वळणावर एकदम धरणाचं पाणी दिसलं.

जागा सुंदर होती, नाही म्हणणार नाही. पाणी ओसरत खाली गेलेलं आणि मधे काळ्या मऊ मातीचा रुंद पट्टा. गवत नाही, दगड नाही. दीर खूश. "बघा वहिनी, एकदम रिकामी जागा. खुंट्या अंगठ्याने जातील." आणि खरंच गेल्या. दोन तंबू, प्रत्येकाच्या आठ खुंट्या, नारिंगी दोऱ्या. अर्ध्या तासात संसार उभा.

मी मात्र खाली बघत होते. त्या मातीत टाचेने दाबल्यासारखे खळगे होते. एक नाही, ओळीच्या ओळी. दोन खळग्यांत हातभर अंतर, सगळीकडे सारखं. ओळ पाण्याकडे जायची, बाजूला सरकायची, परत वर यायची.

"गुरं असतील," दीर म्हणाले.

"गुरं ओळीत चालत नाहीत, भाऊजी. कोणीतरी ही जागा पावलांनी मोजलीय."

"वहिनी, इथे तरी!" असं म्हणून ते हसले. जाऊही हसली. माझ्या डोक्यात मात्र पक्कं झालं की या जागेवर कोणाचा तरी डोळा आहे.

संध्याकाळी जेवणवाला आला. नागलीच्या भाकरी, कोंबडीचा रस्सा, भात. डबे ठेवले आणि तो तंबूंकडे बघत उभा राहिला. मग जमिनीकडे. मग परत तंबूंकडे.

"इथंच मांडलाव?"

"का? काय झालं?"

"नाय, काय नाय." डोकं खाजवत म्हणाला, "थोडा वर, त्या खडकावं मांडला असता तं बरा होता."

"खडकावर खुंट्या जातील का?" दीर म्हणाले. तो मोटरसायकलवर बसून गेला. रस्सा फर्मास होता, पण मी प्रत्येक घास त्याच्याविषयी विचार करत खाल्ला. ज्या माणसाला काही नसतं, तो "नाय" दोनदा म्हणत नाही.

सकाळी जागी झाले तर तंबूचं कापड माझ्या नाकावर आलेलं. बाहेर येऊन मोजलं. सोळा खुंट्यांपैकी सात गायब. जाऊ म्हणाली वाऱ्याने निघाल्या असतील. वारा काय खुंट्या घेऊन जातो? दीर तोंड धुवायला पाण्याकडे गेले होते. मी चपला घातल्या आणि चोराच्या मागावर निघाले.

फार लांब जावं लागलं नाही. वर चढावर एका झाडाखाली एक म्हातारी बाई बसली होती. गुडघ्यापर्यंत कास घातलेलं लुगडं, शेजारी एक काठी, फडक्यात काहीतरी बांधलेलं. आणि पायाशी आमच्या सात खुंट्या, नीट एका रांगेत ठेवलेल्या.

मी शाळेतला आवाज काढला. "आजी, या खुंट्या आमच्या आहेत."

"ठावं हाय. मीच उपटल्या."

बत्तीस वर्षांत इतक्या झटकन कोणी कबुली दिली नव्हती. माझा पुढचा प्रश्नच अडला. "का पण?"

"तुमी कशाला ठोकल्या?"

"तंबू पडू नये म्हणून."

पोटात दुखतंय म्हणून गृहपाठ केला नाही, असं सांगणाऱ्या मुलाकडे मी जशी बघायचे, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाण्याकडे हात केला. "आदी बी सायबांनी असंच खुंट ठोकलं. दोऱ्या लावल्या. आमाना म्हनत, मापून बगतो खाली. मंग पानी आला."

तिथे पाण्याखाली तिच्या सासऱ्याची जमीन होती. धरण भरलं की सगळं बुडतं. दिवाळीनंतर पाणी खाली जाऊ लागलं की वरचा एक तुकडा उघडा पडतो, गाळाने मऊ झालेला, आणि त्यात ती दर वर्षी वाल टोकते. काठीने भोक, त्यात बी, वरून टाच दाबायची, की पुढे. तिचे मुलगे भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, तेव्हा ही पेरणी तिची. गाळपेर म्हणतात त्याला. मी हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून मुलांना सांगितला असेल, पण त्याच्यावर तंबू ठोकून झोपले तरी मला तो ओळखता आला नाही. त्या ओळी तिच्या टाचांच्या होत्या. दोन ओळी माझ्या अंथरुणाखाली होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं, आजी. लगेच हलवतो आम्ही."

तिला ते पुरलं नाही. "मापाला आलाव?"

"नाही हो. राहायला आलोय. दोन दिवस."

"घर नाय तुमाना?"

"आहे की."

"गळतो?"

"नाही. चांगलं पक्कं आहे."

"मंग हितं फडक्यात कशाला निजलाव?"

मोकळी हवा, निसर्ग, बदल, जे जे मनात आलं ते तिच्यासमोर म्हणायची लाज वाटली. जो प्रश्न मी दिरांना विचारायला हवा होता, तो तिने मला विचारला होता.

तिने फडकं सोडलं. मूठभर वाल काढून माझ्या तळहातावर ठेवले. "बोल. कणसरीची आन घे." कणसरी म्हणजे धान्याची माय, तिनेच सांगितलं. बी हातात धरून खोटं बोललं तर ते बी उगवत नाही.

मी उपासतापास न करणारी बाई. पण ते थंडगार दाणे मुठीत आले आणि मी गंभीर झाले. म्हणाले, "कणसरीची आण, आम्ही जमीन मापायला आलेलो नाही."

तिने वाल परत घेतले, खुंट्या दिल्या. उतरताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते. एक गैरसमज मिटवला होता आणि तोही तिच्या रीतीने.

तंबूपाशी पोचले तर दीर पाण्याच्या कडेने चालत होते. पाठ माझ्याकडे, फोन कानाला. पावलं लांब, एकसारखी. काठापर्यंत गेले, वळले, परत आले.

"दोनशे दहा पावलं भरतात," ते म्हणत होते. "सरकारी आहे, भाडेपट्ट्याने मिळेल. पंचवीस तंबू आरामात. नाही, कोणाला संशय नाही. वहिनींना घेऊन आलोय ना. बायका बरोबर असल्या की कोणी काही विचारत नाही."

मी तिथेच उभी राहिले. राग आला, पण रागाआधी अपमान आला. माणसं फिरकू नयेत म्हणून मला बुजगावणं करून शेतात उभं केलं होतं. आणि मी, जिला दूधवाल्याचं हसू चालत नाही, पांढरी साडी सावरून शहाण्यासारखी उभी राहिले होते.

"कोणाशी बोलत होता, भाऊजी?"

"काही नाही हो. ऑफिसचं."

रविवार होता.

मी अर्धवट पडलेल्या तंबूत जाऊन बसले; तो हलवायचं भानच राहिलं नाही. त्यांची बाजूही मनात मांडून पाहिली. चोरी तर करत नव्हते. अर्ज करतील, रीतसर घेतील. दवाखान्यात रात्ररात्र बाकावर बसलेला माणूस आहे हा. घरातलं बाहेर सांगायचं म्हणजे काय! पण माझा तळहात मला स्वस्थ बसू देईना. मी देवाधर्माचं सोडा, साध्या शब्दाची माणूस आहे. मी दिलेला शब्द खोटा होता, आणि त्या बाईचं वर्षाचं कडधान्य त्या खोट्यावर पेरलं जाणार होतं. उगवलं नाही तर कारण गाळ असेल, पाखरं असतील, पण माझ्या लेखी ते कारण मीच असणार होते.

"जरा वर जाऊन येते," जावेला म्हणाले. ती छोट्या शेगडीवर चहा ठेवत होती. तिने विचारलंही नाही कुठे ते.

म्हातारी अजून तिथेच होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पावलं, पंचवीस तंबू, भाडेपट्टा. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "कोन लागतो तुजा?"

"धाकटा दीर."

"मंग माना कशाला सांगतेस?"

"मी आण घेतली होती."

"ती तं खोटी झाली."

"म्हणूनच."

तिचा विश्वास बसला होता की आता तिला माझा दुप्पट संशय येत होता, मला कळलं नाही. काठी टेकून उठली आणि पाड्याच्या वाटेने चालू लागली. बरं केलंस, वाईट केलंस, काही नाही.

तासाभराने ती पाड्यावरच्यांना घेऊन आली. आठ-नऊ बायका, दोन म्हातारे. तरणी माणसं सगळी कामावर गेलेली, पाड्यावर उरलेले एवढेच. प्रत्येकीच्या हातात काठी, ओटीत बी. कोणी ओरडलं नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. वरच्या कडेला एका रांगेत उभे राहिले आणि टोकायला लागले. भोक, बी, टाच. रांग हळूहळू आमच्याकडे सरकत होती.

"अहो, हे काय चाललंय?" दीर पुढे झाले.

"पेरनी," म्हातारी म्हणाली.

"पण आम्ही इथे आहोत ना अजून!"

"ऱ्हावा की."

तंबूच्या दोरीपर्यंत आल्या तेव्हा दोरीच्या अगदी कडेने टोकलं, वळसा घातला आणि पुढे गेल्या. जेवणवाला कालचे डबे न्यायला आला होता. दोन मिनिटं बघत राहिला, मग डबे खडकावर ठेवले, कोणाची तरी काठी घेतली आणि रांगेत शिरला. पाण्याच्या रेषेपर्यंत सगळा पट्टा भरला. रिकामी जागा म्हणून फोटो काढायला एक कोपरा उरला नाही. दिरांनी दोन-तीनदा फोन वर केला आणि खिशात घातला.

आम्ही तंबू उतरवले. ओळी तुडवू नयेत म्हणून मी दगडांवरून कसरत करत सामान नेलं. म्हातारी शेवटपर्यंत माझ्याकडे वळली नाही. मला फार वाईट वाटलं, पण तिच्या जागी मीही वळले नसते.

मोखाडा मागे पडल्यावर दिरांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "यांना कळलं कसं? काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं."

"मला काय माहीत," जाऊ म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. ती इतकी गोंधळलेली होती की ते मलासुद्धा दिसलं.

"तो जेवणवाला. कालच तंबूंकडे टकामका बघत होता. आणि बघितलंस ना, काठी घेऊन उभा राहिला." त्यांनी फोन जावेच्या हातात दिला. "मोखाड्याहून ज्याने याला पाठवला, त्याचा नंबर लाव. पुन्हा त्याला एकाही पाहुण्याचं काम मिळता कामा नये."

काल रात्री मीही त्याच्यावरच संशय घेतला होता. त्या बिचाऱ्याने आम्हाला फक्त खडकावर जा म्हणून सांगितलं होतं. जाऊ नंबर शोधत होती.

"लावू नकोस," मी म्हणाले. "मी सांगितलं."

दिरांनी गाडी कडेला घेतली. आरशात माझ्याकडे बघितलं. मी बोलणी खायच्या तयारीने बसले होते. माझ्याकडेही एक वाक्य तयार होतं, बायका बरोबर असल्या की कोणी विचारत नाही, हेच, त्यांचंच त्यांना परत द्यायला.

पण जाऊ मागे वळली. फोन तिच्या मांडीवर तसाच होता. गेली वीस वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली की मी काहीतरी निमित्त काढून तिच्यावर नजर ठेवायला मागोमाग जात आले आहे.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्यावर तर मला कधीच संशय आला नसता."