मुक्ताला वगळून सिंगापूर

सकाळच्या गाडीने आम्ही चौघं सेलूहून परभणीला निघालो, ते सिंगापूरच्या सहलीचं पक्कं करायला. मी, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करणारे माझे यजमान, धाकटा ओंकार आणि बारा वर्षांची मुक्ता. मुक्ताच्या पायांत जन्मापासून जोर नाही. ती व्हीलचेअर वापरते. सिंगापूर तिनेच निवडलं होतं. तिथल्या मेट्रोत खुर्चीवरची एक मुलगी एकटी चढते आणि एकटीच उतरते, असा व्हिडिओ तिने पाहिला होता. "आई, तिला कुणी उचललंच नाही," एवढंच ती म्हणाली आणि आमचं ठरलं.

डब्यात तिला तिच्या बाबांनी उचलून चढवलं, खुर्ची मी घडी करून आत ओढली. बाहेर रानोरान कापूस फुटला होता. विमानात जेवायला काय देतात, हे ओंकार दर स्टेशनला नव्याने विचारत होता. पेडगावला उतरणाऱ्या एका शेतकऱ्याने मुक्ताकडे बघून कौतुकाने विचारलं, "लय लांब जायलीस म्हण की बाई?" मुक्ता लाजून हसली.

सहलवाल्यांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. फोनवर मी मुक्ताबद्दल सगळं सांगितलं होतं. तेव्हा "या की मॅडम, बघू" म्हणाले होते. तिला उचलून वर नेलं. थंडगार सरबत आलं. मग टेबलामागचा माणूस माझ्या यजमानांकडे वळला.

"सर, स्पष्ट बोलतो. एका माणसामुळे सगळ्या ग्रुपचा खोळंबा होतो, लोक तक्रारी करतात. मुलीला आजीकडे ठेवा. तुम्ही तिघं मोकळेपणी फिरून या."

मुक्ता त्याच्या समोरच बसली होती. तिने अर्धा प्यायलेला ग्लास खाली ठेवला.

आणि माझे यजमान म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे म्हणा..."

"काय बरोबर आहे?" मी इतक्या जोरात विचारलं की आतल्या खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. त्या परक्या माणसापेक्षा मला यांचाच संताप जास्त आला होता.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या एक आजी आपल्या कर्त्या मुलाला घेऊन आल्या होत्या. पाथरीला त्यांचं कापडाचं दुकान, सगळे त्यांना अक्का म्हणतात, हे नंतर कळलं. दोघी नातींना घेऊन त्याही याच सहलीला निघाल्या होत्या.

"काय बोलायलास रे तू? लेकरू समोर बसलंय. माझे गुडघे धरतेत, मी पायरी-पायरीला बसते. मलाबी घरी ठिव की मग!"

"आजी, तुमची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? तिचे आईबाप काय फुकट यायलेत का?" अक्का मुलाचा हात धरून उठल्या. "चल रे. आमी बी न्हाई येत."

"जशी तुमची मर्जी," तो माणूस म्हणाला आणि त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. शरमेचा लवलेश नाही!

अक्का आम्हाला त्यांच्याच जीपमधून पाथरीला घेऊन गेल्या. गरम धपाटे, दही आणि अंबाडीचं कोरड्यास (पातळ भाजी) असं जेवण झालं. त्यांच्या नाती मुक्ताला मेट्रोबद्दल विचारू लागल्या, तेव्हा कुठे ती बोलली, मग थांबेचना. अक्कांच्या मुलाने मोबाइलवर विमानांच्या वेळा काढल्या, लिफ्ट असलेली हॉटेलं शोधली. "आपलं आपणच जाऊ की, कुणाची गरज हाय?" तो म्हणाला. माझे यजमान सगळ्यांदेखत म्हणाले, "मुक्ता, माझं चुकलं." मुक्ताने त्यांच्याकडे पाहिलं नाही. धपाटा मात्र पुरा संपवला.

अक्कांच्या मुलानेच आम्हाला सेलूला सोडलं. वाटेत फोन वाजला. परभणीचा तोच माणूस. मी स्पीकर लावला.

"मॅडम, मार्ग निघाला! मुलीला आणा. दिवसभर ती हॉटेलात बसेल, टीव्ही आहे, वायफाय आहे. तुम्ही आरामात फिरून या."

मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, "काका, नुसतं बसायचंच असलं तर मी सेलूत बसते की!"

यजमानांनी माझ्या हातून फोन घेतला आणि बंद केला.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोन्ही घरं मिळून निघतोय, तिकिटं झाली आहेत. लोक म्हणतात, झालं ना सगळं मनासारखं, आता राग सोड. कसा सोडू? दोन-दोनदा माझ्या मुलीबद्दल बोलणाऱ्या त्या माणसाने तिला एकदाही नाव विचारलं नाही.