माथ्यावरची करवंदं

ज्या बाईंनी मला एकदाही चुकीचा आकडा दिला नाही, त्यांच्यावर मी चोरीचा आळ घेतला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यांच्याबद्दल लिहायला मला तोंड राहील.

त्या म्हणजे डोंगराखालच्या गावातून आमच्या मदतीला येणाऱ्या मावशी. फांदीवर बोट ठेवून त्या विसाविसांनी फुलं मोजत. "तीन ईस आन् चार." माझ्या वहीत त्रेसष्ट निघाली की म्हणत, "सर, परत मोजा." परत मोजली की चौसष्ट भरत.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. अकोले तालुक्यातल्या एका डोंगरावर, उंची वाढत जाते तसं करवंदीला फळ कमी धरतं का, ते मी पाहत होतो. पायथ्याला, मधल्या टप्प्यावर आणि माथ्याजवळ मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी मोजायच्या फांद्यांना लाल दोरे बांधले होते. काटेरी जाळीत हात घालायचं काम मावशींचं. काटा टोचला की त्या करवंदीलाच दटावत, "व्हय गं, मीच सापडले का तुला?" विद्यार्थी हसत. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता.

मे महिन्यात फळं मोजायला गेलो. पायथ्याच्या फांद्या लगडलेल्या. माथ्यावर दोरे जागच्या जागी, फळं मात्र जवळजवळ नाहीतच. खाली उतरलो तर मावशी आमच्यासाठी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन उभ्या.

"मावशी, मोजायच्या आधीच तोडलीत?" मी सगळ्या पोरांसमोर विचारलं.

"न्हाई वो सर. ही घरामागची हायेत. वर फूल लई येतं, पन वाऱ्यानं माशी टिकत न्हाई. मंग फळ कुठनं धरंल?"

"कारणं सांगू नका."

द्रोण माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या. ती करवंदं आम्ही खाल्ली, हेही कबूल करायला हवं. पुढच्या हंगामात निरोप धाडला, पण त्या आल्या नाहीत. 'सरांची फळं खाल्ली' म्हणून गावातल्या बायका त्यांना टोमणे मारत, असं कळलं.

त्या वर्षी फुलं मोजायला मीच माथ्यावर बसलो. करवंदी पांढरीशुभ्र फुललेली, आणि वारा असा की टोपी धरून बसावं लागे. मधमाशी क्वचितच दिसे. काही फुलांना मी काडीने दुसऱ्या झुडपाचा पराग लावला आणि त्यांवर खूण केली. मे महिन्यात पाहिलं, तर तेवढ्याच फुलांना नीट फळ धरलं होतं. बाकीची बहुतेक गळून गेली होती. वर फुलं भरपूर होती, पराग नेणारं कुणी नव्हतं. माझी चूक माझ्याच हातांनी सिद्ध झाली आणि मला इतकं हलकं वाटलं, की त्याच पोरांना घेऊन मी तडक मावशींच्या घरी उतरलो.

मावशी अंगणात हिरडा वाळत घालत होत्या.

"एवढी फौज कशाला? आता हिरडा मोजायचा का?"

"माफी मागायला आलोय."

"मंग बसून मागा. उभ्यानं मानूस भांडायला आल्यावानी दिसतो."

मी हिरड्याशेजारी जमिनीवर बसलो. पोरंही बसली.

"मावशी, तुम्ही खरं सांगत होता. मी न बघताच या पोरांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा."