दूरध्वनीवरच्या अक्का

नुंगंबाक्कमच्या मनोविकार दवाखान्यातल्या अक्का फोनवर ‘कशा आहात?’ असं कधीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “काय जेवलात?” कारण विचारलं, तर म्हणाल्या, “कशा आहात म्हटलं की माणूस बरं म्हणून मोकळा होतो, राव. जेवणाचं खोटं पटकन सुचत नाही.”

अक्का तंजावरकडच्या मराठी. मला ‘राव’ म्हणत, मध्येच तमिळ ‘सरि’, म्हणजे ‘बरं’, म्हणत. घरी गेलेल्या रुग्णांना आठवड्यातून एकदा फोन करायचा, गोळ्या चालू आहेत का पाहायचं, हे त्यांचं काम. कुकरची शिट्टी ऐकू आली तरी त्यांना बरं वाटे. घर चालू आहे म्हणत. नियम एकच. रुग्णाचा आवाज ऐकला नाही, तर तो फोन झालाच नाही.

माझ्या बायकोला, सुमनला, त्या दर मंगळवारी फोन करत. मधे सुमनने गोळ्या सोडल्या आणि ती अंथरुणातून उठेना. मला लाज वाटली. पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीत तिचा आजार मी कोणाला कळू दिला नव्हता. फोन मीच उचलू लागलो. एकदा सांगितलं, ती आंघोळीला गेली आहे; एकदा, देवळात. तिसऱ्या मंगळवारी अक्का म्हणाल्या, “झोपल्या असतील तर उठवा. मी थांबते.” मी चिडलो. तीस वर्षं बँकेत लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तुम्हाला तो पुरत नाही का, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, “सरि राव. तुमच्या शब्दावर.”

चार दिवसांनी सुमनने पाणीसुद्धा नाकारलं. तिला दाखल करावं लागलं. अक्कांचे फोन आले नाहीत का, असं डॉक्टरांनी विचारलं. अक्का समोरच उभ्या होत्या. मी म्हणालो, नाही आले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “राव बरोबर सांगतात,” त्या म्हणाल्या. “तीन आठवडे मी सुमनबाईंचा आवाज ऐकला नाही.”

त्यांचं काम काढून घेतलं गेलं. त्या तंजावरला गेल्या.

सुमन सावरली. अजूनही मंगळवारी सकाळी ती फोनजवळ बसते. अक्का का फोन करत नाहीत, असं विचारते, आणि मी उठून गॅलरीत जातो, परत येतो, पुन्हा जातो.

काल डॉक्टरांना खरं सांगून आलो. आज अक्कांना फोन लावला. सगळं एका दमात बोललो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या,

“सरि राव. आता त्यांना द्या.”

सुमन समोरच होती. मी फोन तिच्या हातात दिला.