परिसर शिक्षण, पण खिडक्या लावून

परिसरात नेऊन मुलांना कसं शिकवावं, हे आम्हा शिक्षकांना शिकवण्यासाठी झरी जामणीकडे प्रशिक्षण ठरलं. मला आनंद झाला. बोरी अरबला शेतांच्या मधोमध शाळा असूनही आम्हाला परिसर दिसत नाही, हे वरच्यांनी अचूक ओळखलं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटेची एसटी धरा. बोरीहून यवतमाळ, तिथून पांढरकवडा, मग मुकुटबनची गाडी. पांढरकवड्याला आलूबोंडा खाऊन घ्या, स्वस्त आहे, आणि पुढच्या रस्त्यावर तो आपोआप पचतो. रस्ता म्हणजे दोन खड्ड्यांमधली जागा. दोन्ही बाजूंना मात्र सागाचं जंगल आणि कपाशी. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि अळीला तोटा नव्हता.

पहिला दिवस एका सभागृहात गेला. पडद्यावर झाडाचं चित्र आलं. उजेड येतो म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या, त्यामुळे बाहेरचं खरं झाड दिसायची सोय नव्हती. पुण्याहून आलेले प्रशिक्षक म्हणाले, "निसर्ग हाच गुरू!" तेवढ्यात लोडशेडिंगने गुरूला घालवलं. शेजारी माझी मैत्रीण मेश्राम मॅडम बसली होती. तिचं माहेर कापूस पिकवणाऱ्या घरातलं आणि आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. ती कुजबुजली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं, "आता तरी बाहेर चाला म्हनाव!"

जेवण मात्र फर्मास होतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. प्रशिक्षकांनी ठेच्याला चटणी समजून घास घेतला आणि दुपारचं सत्र उशिरा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी नमुना पाठ होता. जवळच्या शाळेतली मुलं रांगेत आणली. शाळेला लागूनच कपाशीचं शेत. शेतात कुणी नव्हतं, म्हणून विचारायचा प्रश्नच आला नाही. पुण्याचे प्रशिक्षक साहेब धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आत शिरले. "मुलांनो, पाचही ज्ञानेंद्रियं वापरायची! पान तोडा, चुरगळा, वास घ्या, चवही बघा!"

आम्ही मागे उभं राहून टिपणं घेत होतो. मेश्राम मॅडमने हातातली वही टाकली आणि ती धावली.

"पोट्टेहो, थांबा! हात लावू नका! फवारलं आहे इथं!"

"मॅडम, पाठात व्यत्यय नको," साहेब म्हणाले.

"तुमाले वास नाही येऊन राह्यला काय? काल-परवाचाच फवारा आहे!"

मुलं पानं टाकून मागे सरली. पुढे उभी असलेली मंगला नावाची मुलगी तेवढी जागची हलली नाही. तिचे ओठ हिरवे झाले होते.

"माय, गिळलं काय वं?" मेश्राम मॅडमने विचारलं.

"जरासंच चावलं. गुरुजींनच सांगतलं."

तिला थुंकायला लावलं, चूळ भरवली, हातपाय धुतले. तिच्या आईला निरोप धाडला आणि साहेबांच्या जीपमधून आम्ही आरोग्य केंद्र गाठलं. वाटेत मंगलाला मळमळलं. मेश्राम मॅडमने तिला मांडीवर घेतलं आणि सबंध वाटेत ती पदराने मंगलाचे ओठ पुसत राहिली. साहेब सारखं विचारत होते, "काही होणार नाही ना?" कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी तपासून दुपारभर ठेवून घेतलं. उन्हं उतरताना मंगला उठून बसली आणि आईला म्हणाली, "उद्याही जीपमदी बसाले भेटन काय?" तेव्हा कुठे मेश्राम मॅडम रडली. साहेबांनी मंगलाच्या आईची माफी मागितली. नंतर समारोपात ते म्हणाले, "अनुभव समृद्ध होता." टाळ्या वाजल्या.

बोरीला परतल्यावर शनिवारी मी पाचवीचा वर्ग बाहेर काढला. शेतमालकाला आधी विचारलं. मुलांना धुऱ्यावरच थांबवून म्हटलं, "कसला वास येतो?"

एका मुलीने हात वर केला. "आमच्या बाबाच्या सदऱ्याचा. फवारा मारून आले का असाच येते."

"तो धुतं कोण?"

"मीच. माहे हात लय चुरचुरते, मॅडम."

तिने तळवे पुढे केले. मागोमाग आणखी हात पुढे आले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पण कुणी हललं नाही. मीही नाही.