कॉन्व्होल्यूशनचा घाट

पुस्तक हातात आलं की ते उघडायचं नाही, हा काकांचा पहिला नियम. दोन्ही तळव्यांत ते घट्ट मिटून धरायचं, उन्हाकडे तोंड करायचं, एक डोळा झाकायचा आणि सुतार फळीची धार बघतो तसं पानांच्या कडेकडे बघायचं. मग निकाल.

"अडतिसाव्या पानावर मेला."

मेला म्हणजे वाचणारा. माणूस पुस्तक वाचतो तेव्हा त्याच्या बोटांचा मळ पानांना लागतो, आणि मिटलेल्या पुस्तकाच्या कडेला तेवढाच काळा पट्टा दिसतो. पट्टा संपला, की वाचणारा संपला. पुढची पानं धुतलेल्या धोतरासारखी पांढरी. "कडेनं बघायचं," ते म्हणायचे. "आतून सगळी पुस्तकं शहाणीच असतात."

पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांचा जुन्या पुस्तकांचा ठेला होता. आधी वीस वर्षं त्याच जागी त्यांनी मेथी-कोथिंबीर विकली. एकदा जुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत इंजिनियरिंगची पुस्तकं निघाली, आणि त्या दिवशी कोथिंबिरीच्या आधी पुस्तकं संपली. दुसऱ्या दिवसापासून काकांनी धंदा बदलला. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. पण नव्वदच्या दशकात नाशकातून जे कोणी इंजिनियर झाले, त्यांतले निम्मे त्यांनी केले आणि उरलेले त्यांचं न ऐकल्यामुळे उशिरा झाले, असं माझं मत आहे.

कडेखेरीज त्यांच्याकडे आणखी खुणा होत्या. पानावर चहाचा डाग असला तर पुस्तक चांगलं, कारण चहा आला तरी माणसानं ते सोडलं नाही. लाळेचा डाग असला तर वाईट. समासात पेन्सिलीनं लेखकाच्या आईबहिणींची चौकशी केलेली असली, तर ते पुस्तक ते वेगळं ठेवत. अशा एका जाडजूड परदेशी पुस्तकासाठी कळवणहून एक हेडमास्तर यायचे. त्यांना झोपेचा त्रास होता. काका बजावायचे, "रोज दोन ओळी, मास्तर. तिसरी घ्यायची नाय." मास्तरांनी एकदा मोहात पडून अख्खा परिच्छेद घेतला, तर शाळेला तीन दिवस सुटी द्यावी लागली. हे मी काकांच्याच तोंडून ऐकलं आहे. त्यांनी एक दिवस सांगितला होता, वरचे दोन माझे.

तर अशा माणसाकडे मी एका डिसेंबरातल्या रविवारी गेलो, तो पार बुडायच्या बेतात असताना. 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' नावाचा विषय मला दोनदा उडाला होता. पहिल्यांदा अकरा मार्क, दुसऱ्यांदा नऊ. मे महिन्यात तिसरी आणि शेवटची संधी, कारण घरचे चौथी देणार नव्हते. विंचूरच्या मामांनी कांद्याच्या खळ्यावर माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. नवी, हाताची. दर आठवड्याला ते फोन करायचे, "काय भाचे, लागला का निकाल?" परीक्षेलाच पाच महिने होते. कांद्याशी माझं वैर नाही. पण तीन वर्षं सर्किटं शिकून कांदे निवडायचे, या कल्पनेनं निवडण्याआधीच डोळ्यांना पाणी यायचं.

"काका, कळेल असं एखादं पुस्तक द्या हो," मी म्हणालो.

त्यांनी त्या विषयाची होती नव्हती ती अकरा पुस्तकं काढली, एकावर एक रचली आणि एक डोळा झाकला. मग दुसरा झाकून बघितलं. अकराच्या अकरा पुस्तकांचा मळ एकाच धड्याशी थांबला होता.

"हा तर कसारा घाट झाला," काका म्हणाले. "सगळ्यांच्या गाड्या हितंच बंद पडल्यात. काय आहे हितं?"

"कॉन्व्होल्यूशन."

"म्हणजे?"

"ते कळलं असतं तर आलो असतो का?"

काकांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. कडेनं, एक डोळा झाकून. मग म्हणाले, "दर रविवारी ये. एकेक पुस्तक काढू. तेवढा घाट मला मराठीत वाचून दाखवायचा. ज्या पुस्तकानं मला कळंल, ते तुझं. नाय कळलं तर रद्दी."

"पण काका, तुम्हाला कसं कळेल?"

"का? तू दोनदा नापास आहेस. मी अजून एकदाबी नाय."

मी पुढच्या रविवारची वेळ विचारली.

पहिल्या रविवारी मी उपड्या टोपलीवर बसून सुरुवात केली. शेजारी हारवाल्या मावशी होत्या. मखमलाबादेकडची घरची फुलं, सुई चालू, कान आमच्याकडे. मी सांगितलं, एखाद्या यंत्राला एक टिचकी मारली की ते थरथरतं आणि हळूहळू शांत होतं. एकामागून एक टिचक्या मारल्या तर एकूण थरथर किती, ते काढायची रीत म्हणजे कॉन्व्होल्यूशन. दोन आलेख घ्यायचे. त्यातला एक उलटा करायचा, दुसऱ्यावरून सरकवत न्यायचा, गुणायचं, बेरीज करायची.

"उलटा कशाला?" काका म्हणाले.

मी पुस्तकात बघितलं. "लेखक म्हणतो, ते उघडच आहे."

"कुणाला उघड आहे?"

"लेखकाला."

"मग त्यालाच वाचू दे." पुस्तक रद्दीच्या काट्यावर जाऊन पडलं.

दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं, कारण शोधण्याचं काम विद्यार्थ्यांवर सोपवलं आहे. "म्हणजे ह्यालाबी म्हाईत नाय," काका म्हणाले. तिसऱ्यात, कारण परिशिष्टात पाहावे. परिशिष्टात, कारण धड्यात पाहावे. चौथं एक इथलंच गाईड होतं. त्यात कारणाच्या जागी ठळक अक्षरांत छापलं होतं: पाठ करा, हमखास येतो.

"हा माणूस खोटं बोलत नाय," असं म्हणून काकांनी ते जरा हळुवारपणे टाकलं.

"अहो भाऊ, पण उलटा कशाला ते राहिलंच की!" मावशी ओरडल्या.

सहाव्या रविवारपर्यंत हा प्रश्न पंचवटीभर झाला होता. रिक्षावाले गिऱ्हाईक सोडून टेकायचे. रामकुंडावर एक गुरुजी म्हणे पूजा सांगता सांगता थांबले आणि यजमानांना म्हणाले, तुमच्यात कोणी इंजिनियर आहे का हो? कॉलेजातल्या आमच्या सरांपर्यंत गोष्ट गेली. सरांनी तीन फळे भरून गणित मांडलं, शेवटी स्वतःच मांडलेल्याकडे बघत राहिले आणि तास लवकर सोडला. त्या दिवसापासून ते बाजाराच्या वाटेनं घरी जाईनासे झाले.

अकरावं पुस्तक रद्दीत गेलं तो रविवार मला आठवतो. काका फडक्यानं रिकामी फळी पुसत होते.

"आजवर गिऱ्हाईक मोकळ्या हातानं पाठवलं नाय मी," ते म्हणाले. "भाजी होती तेव्हाबी नाय. नसली तर शेजारून आणून द्यायचो. आता हे कुणाच्या शेजारून आणू?"

मी घरी गेलो. मामांचा फोन आला. खुर्चीला त्यांनी गादी शिवून घेतली होती.

चार दिवसांनी रंगपंचमी. तुम्ही नाशिकचे नसाल तर सांगतो, आमच्याकडे त्या दिवशी रहाड उघडतात. जमिनीत बांधलेला जुना दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला. पंचमीला तो उकरायचा, रंगीत पाण्यानं भरायचा, पूजा करायची आणि मग एकेकानं धावत येऊन त्यात अंग टाकायचं. त्याला धप्पा म्हणतात. पाणी असं उसळतं की काठावरचे लोकही भिजून निघतात.

मी रांगेत होतो. एकदम काठावरून आरोळी आली, "ओ इंजिनेर! सापडलं रे! उलटं का ते सापडलं!"

काका कानापर्यंत पिवळे झाले होते. त्यांनी दोन्ही हात पसरून अख्खी रांग अडवली. "थांबा! आज एकेकानं. आधी पैलवान, मग हे चष्मेवाले, मग मी."

"ओ काका, शिकवणी उद्या घ्या! आमचा नंबर आहे!" मागून गलका झाला.

"पोराचं वरीस चाललंय," काका गरजले, आणि नवल म्हणजे दीडेकशे ओले, पिवळे लोक गप्प बसले.

पैलवानानं धप्पा मारला. लाट काठावर चढली, परत फिरली, लहान होत गेली. ती पुरती विझायच्या आत चष्मेवाले. त्यांची लाट त्यात मिसळली. मग काकांनी धोतर खोचलं आणि पासष्टीचा तो माणूस तोफेच्या गोळ्यासारखा आत गेला. वर आले ते खोकतच.

"आता सांग! माझ्या नाकात पाणी गेलं ते कुणाचं?"

"तुमचंच."

"एकट्याचं नाय! माझी लाट आत्ताची, ती सगळ्यात ताजी. चष्म्याची अर्धी विझलेली. पैलवान सगळ्यांच्या आधी उडाला, त्याची नुसती शेपूट उरली. तिघांची मिळून नाकात गेली. म्हणजे आत्ताची लाट मोजायची, तर जो शेवटी उडाला त्याला लाटेचं पहिलं टोक लावायचं, आणि जो पहिला उडाला त्याला शेवटचं. रांग उलटी लागली का नाय?"

मी काठावर उभा होतो. डोक्यात वर्षभर अडकून पडलेला एक दगड सरकला; खरंच आवाज आला, शपथ घेतो. पुढं काय केलं ते आठवत नाही. लोक सांगतात, मी खिशातल्या हॉल तिकिटाच्या फोटोंसकट उडी मारली आणि पाण्यात पैलवानाचा मुका घेतला.

मे महिन्यात तोच प्रश्न आला. मी गणित सोडवलं, आणि विश्वास ठेवा, शेजारी आकृती काढली: हौद, तीन डोकी, तीन लाटा. सर्वांत आधीच्या टिचकीला नाव दिलं 'पैलवान', तिच्या लाटेला 'धप्पा'. पेपर तपासणारा कुठला होता देव जाणे. बरोबर चाळीस मार्क पडले, पासापुरते. त्यातले दहा गणिताचे असतील, तीस पैलवानाचे. विंचूरच्या खुर्चीवर मामांनी दुसरा भाचा बसवला. तो आजही तिथे सुखात आहे.

पेढे घेऊन मी ठेल्यावर गेलो. काकांनी एक मावशींना दिला, एक स्वतः खाल्ला, बोटं पुसली.

"आता पुढं काय?"

"पुढं काय, काका, पास झालो! शेवटच्या वर्षाला."

"तसं नाय रे. घाटाच्या पुढं. पुस्तकात पुढं काय आहे?"

"फूरियर म्हणून आहे एक."

"मग ये की रविवारी."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. पास झालेल्या माणसाला रविवारी इतर कामं निघतात. एकदा रिक्षातून जाताना ते दिसले, उन्हाकडे तोंड करून, एक डोळा झाकून. मी पलीकडच्या बाजूची दुकानं बघितली. मग पुण्याला नोकरी लागली, आणि फूरियर हेच माझं पोट झालं. दिवसभर तेच करायचं, त्याचाच पगार घ्यायचा.

सहा-सात वर्षांनी एका सकाळी तिथे गेलो तेव्हा ठेल्याच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. मावशी मात्र होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण हातातलं फूल ओवून झाल्यावरच बोलल्या.

"गेले की भाऊ. दोन वर्षं झाली."

शेवटी काय म्हणायचे, मी विचारलं.

"दर इंजिनेरला विचारायचे, घाटाच्या पुढं काय आहे म्हणून. एकानं सांगितलंबी होतं, चांगलं तासभर. तो गेल्यावर मला म्हणतात, ताई, ह्याला पास केलाय नुसता, कळलं काय नाय." त्यांनी सुई ठेवली. "तर आता सांगा."

"कुणाला, मावशी?"

"मला! तीन महिने काय फुकट ऐकत बसले होते? मलाबी अर्ध्यात सोडलंत."

मी खाली बसलो. त्यांच्या मांडीवर एक पुरा झालेला हार होता. म्हटलं, समजा, हा हार म्हणजे एक गुंतागुंतीची लाट. पुढच्या धड्यात एवढंच आहे की ती लाट साध्या लाटांत सुटी करायची. झेंडू वेगळा, शेवंती वेगळी, मधली पानं वेगळी. कशात काय किती आहे, ते कळतं.

"आणि पुन्हा ओवला तर?"

"तर तोच हार. एक पाकळीही कमी होत नाही."

मावशींनी दातानं दोरा तोडला. बघता बघता विकायला ठेवलेला हार मांडीवर सुटला. त्यांनी झेंडू एकीकडे केले, शेवंती एकीकडे, पानं एकीकडे. तिन्ही ढिगांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मग तोडला कशाला?"

मी तोंड उघडलं. उत्तर आहे त्याला. सभांमधून मी ते पडद्यावर दाखवलेलं आहे. पण आधारासाठी डावीकडे वळून बघितलं, तर काकांच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, हिरवी, निळी, वाऱ्यानं गोल फिरणारी.

मावशींनी थोडा वेळ वाट बघितली आणि सुईत नवा दोरा घातला.