पाण्यावरची प्रदक्षिणा

आज आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत डांबर टाकत होते. तो वास नाकात शिरला आणि मी थेट भीमेवरच्या त्या डांबर फासलेल्या होडीत जाऊन बसले.

धरणात बुडालेलं आपलं सासरचं गाव दाखवायला आत्या मला लहानपणी घेऊन गेली होती. पाणी इतकं निवांत होतं की वल्ह्यावरून गळणारा थेंबही ऐकू यायचा. मधेच होडीवाल्या मामांनी होडी वळवली.

"मामा, सरळ का नाही नेत?"

"खाली देऊळ हाय की. कळसावरनं कसं जायाचं?"

त्यांनी चपला काढल्या. आत्यानं काढल्या, मीही काढल्या. रिकाम्या दिसणाऱ्या त्या पाण्याभोवती होडीनं संथ प्रदक्षिणा घातली. मी वाकून पाहिलं, तर नुसता हिरवा अंधार. आपण देवळापेक्षाही उंच तरंगतोय, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

आत्या उजवा हात पाण्यात सोडून बसली होती. देवाला हात लावतेय, असं मला वाटलं.

तिचं घर देवळाला लागूनच होतं, हे फार उशिरा कळलं. होडी फिरत होती तेवढा वेळ ती आपल्या भिंतीवरून हात फिरवत होती.